दोर ओढून घेतल्यावर

'परतीचे दोर कापले' हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की तो वापरताना दोर कुठला आणि कडा कुठला, याचा विचार कोणी करीत नाही. नोकरी सोडून धंद्यात पडणारा तो वापरतो, गावची जमीन विकून शहरात गेलेला वापरतो, आणि पक्ष बदलणारा पुढारी तर हमखास वापरतो. त्यामागची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटला, ते कड्याकडे धावले, आणि दोर तर मी केव्हाच कापून टाकले, असे सांगून सूर्याजीने त्यांना माघारी वळवले, असे परंपरा सांगते. गेली पंचवीस-तीस वर्षे मी हा प्रसंग वर्गात शिकवीत आलो आहे. मुलांना त्यात शौर्य दिसते, आणि ते आहेच. पण दोर कापला गेल्यावर माणसाला नेमके काय तारते, हा प्रश्न त्या धड्याखालच्या स्वाध्यायात कधी नसतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला एका दूरच्या प्रदेशाच्या इतिहासाने मदत केली. अमेरिकेच्या पश्चिम भागात युटा आणि ॲरिझोना या राज्यांत पसरलेले कोलोरॅडो नदीचे पठार म्हणजे वाळवंटच. मी ते नकाशांतून, प्रवासवृत्तांतून आणि छायाचित्रांतून पाहिले आहे. तिथल्या पुष्कळ भागांत वर्षाकाठी दहा इंचही पाऊस पडत नाही. नदी वाहते ती शेकडो, कुठे कुठे हजारो फूट खोल दरीच्या तळाशी. वर तहानेने जीव जावा आणि खाली पाणी दिसावे, पण त्याच्यापर्यंत पोहोचता येऊ नये, अशी ती भूमी आहे. पोहोचण्याची वाट असते ती कातळाला पडलेल्या एखाद्या चिरेतून.

अशा चिरेला आपल्या भाषेत शब्द आहेत. घळ आहे, नाळ आहे, आणि सर्वांत नेमका म्हणजे सांद. भंडारदऱ्याच्या बाजूला साम्रद गावाजवळची सांदण दरी ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळे सांगायला नको. आमच्या बाजूच्या वाचकांनी गोकाकजवळचे योगीकोळ्ळ किंवा सौंदत्तीजवळ मलप्रभेने डोंगर कापून काढलेली नवीलतीर्थाची खिंड आठवावी. मात्र या जागांची रुंदी मनातल्या मनात दहापट कमी करावी, आणि काळ्या किंवा करड्या दगडाऐवजी तांबूस वालुकाश्म कल्पावा. सुमारे एकोणीस कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या टेकड्या होत्या. त्या दडपून त्यांचा खडक झाला. पुढे सारे पठार उचलले गेले, खडकाला उभ्या भेगा पडल्या, आणि वर्षातून चार-दोनदा येणाऱ्या लोंढ्यांनी वाळू-गोट्यांच्या कानशीने त्या भेगा घासून खोल केल्या. काही घळी शंभर-दीडशे फूट खोल, पण तळाशी दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना लागावेत इतक्या अरुंद आहेत. आत दुपारीही संधिप्रकाश असतो. तळाला ठिकठिकाणी रांजणखळगे असतात, आपल्याकडे निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसेच. त्यांत महिनोन् महिने ऊन न लागलेले गारठणकार पाणी साचलेले असते.

अशा घळीतून नदीपर्यंत उतरणे हा आज एक साहसी खेळ झाला आहे. त्याची रीत समजून घेतली पाहिजे, कारण माझ्या सांगण्याचे मर्म तिच्यात आहे. उभा कडा आला की कातळात ठोकलेली कडी, अडकलेला धोंडा किंवा झाडाचे खोड पाहून त्यातून दोर दुहेरी ओवतात. सगळे उतरले की खालून दोराचे एक टोक ओढतात आणि सारा दोर सरसरत खाली येतो. तो पुढच्या कड्यासाठी लागणार असतो, म्हणून वर ठेवता येत नाही. त्या क्षणापासून मागे फिरण्याची वाट बंद. पुढे पाणी असो, अडचण असो, अंधार असो, सुटका एकाच दिशेने. म्हणजे आपल्या वाक्प्रचारातला दोर हे लोक एका दिवसात पाच-सहा वेळा स्वतःच्या हाताने तोडतात. कधी दोर बांधायला कडी नसते आणि खोडही नसते. तेव्हा एक जण पाय रोवून बसतो, दोर त्याच्या कमरेला बांधून बाकीचे उतरतात, आणि शेवटी तो स्वतः खालच्यांच्या खांद्यांवर पाय देत उतरतो. माणूसच खुंटी होतो. रांजणखळग्यातले पाणी आटून काठ हाताबाहेर उंच राहिला, तर एकट्या माणसाला त्यातून निघता येत नाही. दोघे असले तर एक दुसऱ्याला खांदा देतो. हे ध्यानात ठेवून आता इतिहासाकडे वळू.

या घळींच्या वाटा कोणी 'शोधल्या' असे म्हणणे बरोबर नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश सोडून गेलेल्या प्राचीन पुएब्लो लोकांनी उभ्या कातळात कोरलेल्या पावठ्या आजही दिसतात. त्यांच्यामागून युट, पायुट आणि नवाहो हे लोक त्या भूमीत वावरत होते. लेखी इतिहासात मात्र वाटेला नाव मिळते ते ती लिहून ठेवणाऱ्याचे.

२९ जुलै १७७६ रोजी फ्रान्सिस्को डोमिंगेझ आणि सिल्व्हेस्ट्रे एस्कलान्ते हे दोन स्पॅनिश धर्मोपदेशक सांता फे येथून मोजक्या सोबत्यांसह निघाले. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरेपर्यंत वाट शोधायची होती. ऑक्टोबरमध्ये थंडीने आणि अन्नाच्या टंचाईने त्यांना गाठले. पुढे जायचे की परतायचे, याचा निर्णय त्यांनी चिठ्ठ्या टाकून केला आणि परत फिरले. पण परतीच्या वाटेत कोलोरॅडो नदी आडवी होती. २६ ऑक्टोबरला ते पारिया ओहोळाच्या मुखाशी नदीकाठी पोहोचले, तर समोर खोल पाणी आणि मागे कडे. दोघे पोहून पलीकडे गेले, पण अंगावरचे कपडे वाहून गेले आणि काही न पाहता त्यांना परतावे लागले. तराफा बांधला, तो पलीकडे जाईना. त्या तळाला त्यांनी नाव दिले 'साल्सीपुएदेस'. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ, जमत असेल तर बाहेर पड! संकटात विनोद सुचणारी माणसे मला नेहमीच आवडतात.

पायुट लोकांकडून नदीला उतार असल्याचे त्यांना कळले होते. ती जागा सापडेपर्यंत सोबतचे घोडे मारून खाण्याची पाळी आली. अखेर ७ नोव्हेंबर १७७६ रोजी एका अरुंद घळीतून ते खाली उतरले. जनावरांचे पाय टिकावेत म्हणून कातळात कुऱ्हाडींनी पायऱ्या खोदल्या, सामान दोरांनी कड्यावरून खाली सोडले, आणि नदी ओलांडल्यावर देवाचे आभार मानून आनंदाने बंदुकांचे बार काढले. २ जानेवारी १७७७ ला सगळे सांता फेला सुखरूप पोहोचले. तो उतार पुढे 'पाद्र्यांचा उतार' म्हणून नकाशावर आला. युट लोक त्याच ठिकाणाहून पूर्वीपासून ये-जा करीत होते, म्हणून त्याला 'युट उतार' असेही म्हणत. एका जागेला दोन भाषांत दोन नावे असली की कोणते नाव पाटीवर चढते, हे आपल्या भागातील वाचकांना मी काय सांगावे?

दुसरा प्रसंग १८६९ सालचा. युद्धात उजवा हात गमावलेला मेजर जॉन वेस्ली पॉवेल नऊ माणसे आणि चार नावा घेऊन २४ मे रोजी नदीच्या प्रवाहात शिरला. तोवर कोणी न मोजलेल्या त्या दऱ्यांतून नदीनेच जायचे, असा बेत होता. दोन आठवड्यांतच एक नाव शिधासामग्रीसह फुटली. पुढे एक जण सोडून गेला. ऑगस्टच्या अखेरीस शिळे पीठ तेवढे उरले होते, आणि समोर पुन्हा एक भयंकर धबधब्यासारखा प्रवाह. २८ ऑगस्टला ऑरॅमेल हाउलँड, त्याचा भाऊ सेनेका आणि विल्यम डन या तिघांनी ठरवले की आता पाण्यावर भरवसा नाही. बाजूच्या घळीतून वर चढायचे आणि वस्ती गाठायची. दोन्ही बाजूंनी एकमेकांची मनधरणी झाली, आणि मग ताटातूट. तिघे वर निघाले. सहा जण नावेत बसले. त्या सहांनी तो प्रवाह पार केला आणि दुसऱ्याच दिवशी ते दरीबाहेर मोकळ्या प्रदेशात आले. वर गेलेले तिघे मारले गेले. त्यांना स्थानिक टोळीने मारले की गोऱ्या वसाहतवाल्यांनी, यावर आजही वाद आहे. त्या घळीला 'ताटातुटीची घळ' असेच नाव पडले.

वर्गात हा प्रसंग सांगितला की एखादा मुलगा म्हणतो, ते तिघे भित्रे होते. मला तसे वाटत नाही. तीन महिने त्या नदीवर काढलेला माणूस भित्रा नसतो. पुढे एकाच दिवसाची वाट उरली आहे हे नावेतल्यांनाही ठाऊक नव्हते. पण नऊ जणांची सहा आणि तीन अशी वाटणी झाली, तेव्हा दोन्ही गट दुबळे झाले, एवढे खरे.

आता तिसरा प्रसंग. त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. १८७९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मॉर्मन पंथाची सुमारे अडीचशे स्त्री-पुरुष-मुले आग्नेय युटात सान वान नदीकाठी वसाहत करण्यासाठी पंथाच्या आज्ञेवरून निघाली. बरोबर ८३ गाड्या आणि हजारावर गुरे-घोडी. जवळच्या वाटेने सहा आठवड्यांत पोहोचू, असा अंदाज होता. एस्कलान्ते गाव सोडून ते वाळवंटात शिरले, आणि कोलोरॅडोच्या कड्यावर येऊन थांबले. खाली सुमारे हजार फुटांवर नदी. मागच्या डोंगरांत बर्फ पडून घाट बंद झालेले. दोर कोणी कापला नव्हता, तो हिमाने कापला होता.

कड्याला एक फट होती. माणूसही जिथे अडकेल इतकी ती काही ठिकाणी अरुंद होती, आणि तोंडाशीच सुमारे ४५ फुटांचा उभा तुटलेला कडा. या फटीतून गाड्या उतरवायच्या, असे त्यांनी ठरवले. जवळजवळ सहा आठवडे, ऐन थंडीत, सुरुंगाने, पहारीने आणि छिन्नीने त्यांनी ती फट रुंद केली. वेल्सच्या कोळशाच्या खाणीत काम केलेला बेंजामिन पर्किन्स सुरुंगाच्या कामात वाकबगार होता. खालच्या टप्प्यात जिथे कातळ फोडणे अशक्य झाले, तिथे त्याच्या कल्पनेने कड्याच्या भिंतीत ओळीने भोके पाडली, त्यांत ओकच्या मेखा ठोकल्या, आणि त्यांवर झाडोरा, दगड, माती टाकून भिंतीला चिकटलेला रस्ता तयार केला. गाडीचे एक चाक कातळावर, दुसरे त्या मेखांवर! इकडे चार जण पुढची वाट पाहायला नदीपार गेले होते. हॉब्ज नावाच्या त्यांतल्या एकाला एका टेकाडावरून खाली उतरण्याची वाट रानमेंढ्याच्या मागे जाताना सापडली. तीच पुढे गाड्यांची वाट झाली.

२६ जानेवारी १८८० रोजी पहिल्या गाड्या खाली गेल्या. मागची चाके साखळदंडांनी जखडलेली, आणि प्रत्येक गाडीला मागून दोर बांधून दहा-वीस माणसे त्यांना लोंबकळलेली. गाडी घसरत जाई, माणसे फरफटत मागे जात. खाली चार्ल्स हॉल याने बांधलेली तर तयार होती. साऱ्या गाड्या उतरल्या. एकही माणूस दगावला नाही.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती स्मिथ कुटुंबाने पुढच्या पिढ्यांना सांगितलेली हकिकत. जोसेफ स्टॅनफर्ड स्मिथ दिवसभर खाली इतरांच्या गाड्या उतरवून घेण्यात गुंतला होता. सगळ्या गाड्या उतरल्या अशी हाक ऐकली आणि त्याच्या लक्षात आले, की आपली गाडी, बायको आणि तीन मुले अजून वरच आहेत. तो धावत वर आला. मागे दोर धरायला आता कोणीच उरले नव्हते. त्याची बायको अॅराबेला म्हणाली, मी धरते. मुलांना वर रजईवर बसवले, तान्ह्याला भावंडांच्या हवाली केले, गाडीच्या मागे एक घोडा बांधला, आणि त्याच्याबरोबर दोर धरून ती उभी राहिली. गाडी सुटली. घोडा पडला आणि फरफटला, तीही फरफटली. खाली पोहोचली तेव्हा तिच्या पायाला मोठी जखम झाली होती. पण दोर तिने सोडला नव्हता. मग स्टॅनफर्ड मुलांना आणायला पुन्हा वर गेला.

सहा आठवड्यांचा प्रवास सहा महिने चालला. ६ एप्रिल १८८० ला, ठरलेले ठिकाण काही मैल पुढे असतानाच, जनावरे आणि माणसे इतकी थकली की तिथेच त्यांनी मुक्काम टाकला. तेच आजचे ब्लफ गाव. त्या जागी युट, पायुट, नवाहो लोक आधीपासून होते, आणि पुढची कित्येक वर्षे त्या जमिनीचा व पाण्याचा तंटा चालला, हेही इतिहासाने लिहिले पाहिजे. एवढ्या कष्टाने खोदलेली ती वाट जेमतेम वर्षभर वापरात राहिली. १८८१ मध्ये हॉलनेच आपली तर नदीच्या वरच्या अंगाला अधिक सोप्या जागी हलवली.

या भागात एकट्याने शिरणाऱ्यांचाही इतिहास आहे. नोव्हेंबर १९३४ मध्ये एव्हरेट रूस नावाचा वीस वर्षांचा चित्रकार तरुण दोन गाढवे घेऊन एस्कलान्तेहून त्याच वाटेने निघाला. पुढल्या वर्षी शोध घेणाऱ्यांना डेव्हिस नावाच्या घळीत गाढवे सापडली, तो सापडला नाही. २००९ मध्ये एक सांगाडा त्याचा म्हणून जाहीर झाला, पण जनुकीय तपासणीत तो दावा टिकला नाही. एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा पट्टीचा गिर्यारोहक ब्लूजॉन घळीतून एकटा उतरत असताना सुटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला. कुठे जातो हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते, म्हणून कोणी शोधायलाही येणार नव्हते. १२७ तासांनंतर स्वतःचा हात कापून तो सुटला, आणि मग एका हाताने सुमारे ६५ फुटांचा कडा दोराने उतरला. या घटनेवर २०१० मध्ये चित्रपट निघाला. त्याला संगीत आपल्या ए. आर. रहमान यांचे आहे. राल्स्टनच्या धैर्याला तोड नाही. पण घरी एक चिठ्ठी ठेवून निघाला असता, तर त्याला शोधायला माणसे निघाली असती.

आणि कधी कधी मोठा गटही अपुरा पडतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अँटिलोप घळीत ११ पर्यटक लोंढ्यात वाहून गेले. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हताच. तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला पडला होता. अरुंद घळीत पाणी पसरायला जागा नसते, ते भिंतीसारखे उभे चढते. आज नवाहो वाटाड्याशिवाय त्या घळीत प्रवेश मिळत नाही. ज्यांची भूमी, त्यांच्या नजरेला वरच्या अंगाचे आभाळ कळते, हे फार उशिरा मान्य झाले.

१३ मार्च १९६३ रोजी ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. १९८० मध्ये जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरला. पाद्र्यांचा उतार आणि त्यांनी खोदलेल्या पायऱ्यांची जागा पाण्याखाली गेली, मॉर्मनांच्या फटीचा खालचा भागही बुडाला. या जलाशयाला नाव मिळाले पॉवेलचे. २०२३ च्या आरंभी दुष्काळामुळे त्याची पातळी भरल्यापासूनच्या नीचांकावर आली, आणि बुडालेल्या कित्येक घळींची तोंडे पुन्हा उघडी पडली.

आता मूळ प्रश्न. दोर कापल्यावर काय तारते? या साऱ्या हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या, तर नुसते धाडस हे उत्तर येत नाही. धाडस तर सगळ्यांकडे होते, एकट्या रूसकडे आणि राल्स्टनकडे बहुधा सर्वांहून जास्त. तारला तो दुसरा माणूस. कमरेला दोर बांधून खुंटी झालेला, उताराची खूण सांगणारा, कातळात मेखा ठोकणारा, आणि मागे दोर धरून फरफटत आलेला. कोंढाण्याच्या कथेतही मावळे थांबले ते दोर तुटल्याच्या भीतीने, असे आपण म्हणतो. पण दोर कापणारा सूर्याजी खाली सुरक्षित उभा नव्हता. तो त्यांच्याबरोबर वरच होता, हे मी आता मुलांना आवर्जून सांगतो.

आपल्या भागातली पोरे हल्ली पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्यांत उतरतात, उन्हाळ्यापूर्वी सांदणला जातात. जरूर जावे. अशा वाटा उतरल्याशिवाय आपला मुलूख कळत नाही. मात्र निघण्यापूर्वी गावातल्या जाणत्याला विचारावे की वरच्या अंगाला पाऊस कसा आहे, आणि घरी सांगून जावे की कुठल्या वाटेने जातो, किती जण आहोत, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर कोणाला कळवायचे.